नारिंगी रोगण

कारखान्यात तिला सगळे लांबीवाली म्हणत. उंचीनं ती मालकाच्या टेबलाला जेमतेम पुरायची, त्यामुळे नवीन आलेला माणूस हे नाव ऐकून हमखास हसायचा. पण लांबी म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवायचा लगदा. बारीक भुसा, सरस आणि कसलीशी पिवळी पूड डब्यात घोटून घोटून केलेला. कुऱ्हाडीच्या दांड्यांना तो भरायचं काम तिचं. भेग असो, गाठ असो, किड्यानं पाडलेलं भोक असो, अंगठ्यानं लगदा दाबायचा, पत्र्याच्या पट्टीनं सपाट करायचा, सुकला की पॉलिश पेपर मारायचा. मग दांडा जायचा नारिंगी रोगणाच्या पिंपात. बुडवायचा, वर काढायचा, तारेला टांगायचा. सुकून आला की असा दिसायचा, जणू झाडालाच तसा लागला होता.

अकरा वर्षं ती हे करत होती आणि अकरा वर्षांत त्या वासाशी तिचं एकदाही जमलं नव्हतं. सरसाला सडक्या खुरांचा वास. तो नखांत जाऊन बसायचा. साबण लावा, राख लावा, लिंबाची साल घासा, ढिम्म हलायचा नाही. घरी ती चमच्यानं जेवायची. मुलगी लहान असताना कुशीत यायची, तीही आईचे हात आधी बाजूला सारून.

ती मुलगी आता एकोणीस वर्षांची होती. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून घरात-दारात टिटवी. जंगलात राहायला शिकवणाऱ्या सहा दिवसांच्या वर्गाला तिचा नंबर लागला होता. चूल मांडणं, आडोसा उभा करणं, लाकूड तोडणं, सगळं स्वतः. शेवटी तिथले मास्तर चौदा जणांतून दोघांना मदतनीस म्हणून नोकरीवर ठेवणार होते, आणि टिटवीनं ती नोकरी मनानं कधीच घेऊन टाकली होती. झोपायची पिशवी मावशीकडून आली, बूट मैत्रिणीचे आले. यादीत एकच ओळ उरली: हातकुऱ्हाड, एक, कोपरापासून बोटांपर्यंत लांबीची. चांगली. 'चांगली'खाली मास्तरांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

"तुझ्याच कारखान्यातून आण की," टिटवी म्हणाली. "फुकट नाही का देत?"

"देतील. नको."

"का पण?"

लांबीवाली सांगणार काय? आजवर त्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हात असतो, हे तिनं मनावर घेतलं नव्हतं. लोक भिंतीला लावायला नेत असतील, गाडीच्या डिकीत टाकून विसरत असतील, अशी तिनं आपली समजूत घातली होती. आता त्या टोकाला एकदम टिटवीचा हात दिसला. मनगटावर तीळ असलेला, सतत हलणारा. आणि पात्याखालचा दांडा, बरोबर आपण बुजवलेल्या जागी, कटकन मोडताना दिसला.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी होती. दुपारीच ती बाजारात गेली.

पहिल्या दुकानात कुऱ्हाडी झुंबरासारख्या टांगल्या होत्या. एकीवर अस्वलाचं चित्र, एकीवर वाघाचं, एकीवर डोंगर आणि त्यामागून उगवणारा सूर्य. दुकानदार गोड बोलण्यातला.

"या ताई. दादांना हवीये का?"

"मुलीला."

"वा! मग ही घ्या, हलकी आहे. हात फिरवून बघा, आरसा आहे आरसा."

तिनं हात फिरवला. आरशात तिला आपलंच तोंड दिसलं. पात्याच्या खाली चार बोटांवर अंगठा अडला. अडला म्हणजे इतरांना कळणारही नाही इतकाच. लाकूड गार असतं, लगदा किंचित कोमट. तिथं गाठ होती. ती गाठ तिनं भरली होती. तिनं वाघ घेतला. वाघाच्या मानेला उभी भेग. तिनं सूर्य घेतला. सूर्याच्या दांड्याचे तंतू आडवे गेले होते, पहिल्याच नेटाच्या घावाला तुटावेत असे.

"तीन कंपन्यांच्या आहेत ताई," दुकानदार म्हणाला. "अस्वलवाली जरा महाग, पण ती टिकते. मी खोटं सांगणार नाही."

"तिन्ही एकाच पिंपातून निघाल्यात," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

तिला त्याची शिसारी आली, मग त्याच्या गोड आवाजाची, मग त्या अस्वलाची. आणि या सगळ्यांच्या तळाशी, हंडीच्या बुडाला करपलेला थर असावा तशी, स्वतःची. काचेच्या कपाटात एक खरोखरची सुरेख कुऱ्हाड होती. रंग नाही, चित्र नाही, दांडा फिकट मधासारखा. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी वाचून लांबीवालीनं कपाटाचं दार हलकेच लोटून दिलं, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लोटावं तसं. तेवढ्या पैशात घर महिनाभर चाललं असतं.

दुसऱ्या दुकानात तेच नारिंगी झुंबर. तिसरं दुकान गल्लीच्या टोकाला, धुळीनं भरलेलं. मालक म्हातारा, अर्धवट डुलकीत. तिथं खालच्या फळीवर तिला एक सापडली. रंग नसलेला, उघडा, नागडा दांडा. तिनं तो उजेडात धरला. लाकडाचे तंतू वरपासून खालपर्यंत सरळ, धुऊन विंचरलेल्या केसांसारखे. गाठ नाही, भेग नाही, कीड नाही. टोकाला बघितलं, तर तंतू पात्याच्याच दिशेनं उभे. असा दांडा तिच्या हाताखालून वर्षाकाठी चार-दोनदा जायचा, आणि त्यालाही त्या पिंपात बुडवताना तिला वाईट वाटायचं.

"ही द्या," ती म्हणाली.

"जुना माल आहे," म्हातारा डोळे न उघडताच म्हणाला. "कोण घेत नाही. रंग नाय ना."

किंमत परवडली. ती एवढी खूश झाली, की वाटेत दोनदा पिशवीत हात घालून तिनं दांडा कुरवाळला.

संध्याकाळी मागच्या अंगणात टिटवीनं एक वाळकं, गाठाळ खोड आडवं घातलं आणि घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला थांबली.

"आई, ही काय आहे? कुऱ्हाड की पळी?"

धार दुमडली होती. वाकवलेल्या पत्र्यासारखी, एका बाजूला ओठ काढून. टिटवीनं नखानं दाबलं.

"लोणी आहे हे. अगं, बघून नाही का घेतलंस?"

"बघितलं."

"काय बघितलंस?"

लांबीवालीनं दांडा बघितला होता. वरून बघितला, खालून बघितला, टोकातून बघितला. लोखंडाकडे तिनं नजरसुद्धा टाकली नव्हती. कारखान्यात पाती पत्र्याच्या भिंतीपलीकडे व्हायची, तिच्याकडे येत ती तयार. अकरा वर्षांत कुऱ्हाड म्हणजे तिच्या लेखी एक दांडा आणि त्याच्या टोकाला काहीतरी जड. आता हसावं की रडावं कळेना, आणि टिटवी तर हसतच सुटली होती.

"दांडा छान आहे हं पण," ती म्हणाली. "वरणात फिरवायला होईल."

सोमवारी सकाळी ती कुऱ्हाड घेऊन लांबीवाली पत्र्याच्या भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली. तिथं भट्टीवाला होता. कानांवर पांढरे केस, भुवया जळून गेलेल्या, त्यामुळे चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा. अकरा वर्षांत दोघं भिंतीतून एकमेकांना खोकताना ऐकत आले होते, बाकी 'काय दादा' आणि 'काय बाई', एवढंच.

त्यानं दुमडलेली धार बघितली, कानस घेतली, एकदा ओढली. कानस लोखंडात रुतली.

"पाणीच दिलेलं नाही. तापवून पाण्यात बुडवायची, ती तशीच गार केलीय. कानस रुतली की समजायचं मऊ, घसरली की कडक. एवढं नाही कळत तुम्हाला?"

"तुम्हाला दांड्यातलं कळतं?"

खाली वाकून त्यानं बाकाखालून एक कुऱ्हाड ओढून काढली. पातं निळसर, झकास. दांडा मधोमध फाटलेला.

"पुतण्याला घेतली होती. मी पातं वाजवून, घासून, उन्हात धरून आणलं. अर्धा दिवस घालवला. पहिल्याच दिवशी हातात हे."

लांबीवालीनं दांडा पाहिला. तंतू आडवे. फटीत पिवळा लगदा, किडक्या दातात भरलेल्या चांदीसारखा.

"ही आपल्याकडचीच," ती म्हणाली. "ही मी भरलेली."

"आणि तुमची ही," तो दुमडल्या धारेकडे बोट दाखवत म्हणाला, "शिक्का घासलाय, दांडा बाहेरचा, पण पात्याचा घाट आपल्याच साच्याचा. मालक म्हणतात, दहातल्या दोघींना पाणी द्या, बाकीच्या नुसत्या निळ्या रंगवा. मी रंगवतो."

हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. मग भट्टीवाला उठला, रंगवायच्या आधीच्या पात्यांच्या ढिगात हात घालून एकेक वाजवू लागला. टण. टण. ठप. टण. सातव्याला त्यानं कानस ओढली. ती बर्फावरून घसरावी तशी निघून गेली.

"ही. ही मी मनापासून केली होती. मूड चांगला होता त्या दिवशी."

दुमडल्या पात्यातून लांबीवालीनं आपला गोरा दांडा ठोकून बाहेर काढला. पण पातं कारखान्याचं, तेव्हा मालकाला विचारणं भाग होतं. मालक टेबलाशी न्याहारीचा डबा उघडून बसले होते. भिंतीवर, त्यांच्या डोक्यामागे, लाल मखमलीवर तीन कुऱ्हाडी लावलेल्या. नमुन्याच्या. दुकानदार आले की त्यांना हातात द्यायच्या.

"एक पातं विकत हवंय. रंग न लावलेलं," ती म्हणाली. "मुलगी जंगलात चाललीय."

"विकत कशाला? तयार माल उचल ना एक. घरचाच आहे."

"तो नको."

मालकांचा घास थांबला. मग ते हसले, अगदी मायेनं.

"हुशार आहेस. हे बघ, तुला म्हणून सांगतो. माझा भाचा डोंगरात जातो, त्यालाही मी तो माल देत नाही."

"मग त्याला यातली देता?" तिनं मखमलीकडे मान केली.

"छे! नमुना तो. नमुना दाखवायचा असतो, द्यायचा नसतो. भाच्याला बाहेरची घेऊन दिली. चांगली आहे, काचेच्या कपाटातली."

ते पुन्हा खाऊ लागले. त्यांच्या ओठाच्या कडेला तेल होतं आणि ते आरामात, चवीनं चावत होते. लांबीवालीनं पैसे टेबलावर ठेवले आणि मोजायला न थांबता बाहेर आली.

जेवणाच्या सुटीत दोघांनी कुऱ्हाड बसवली. दांड्याचं टोक तिनं तासलं, पात्याच्या भोकात सरकवलं, काढलं, पुन्हा तासलं. भट्टीवाल्यानं वरून पाचर मारली. ठक, ठक, ठक, आणि मग आवाज बदलला, भरीव झाला. "बसली," दोघं एकदमच म्हणाली. तिनं जवसाचं तेल चोळलं. लगदा नाही, रोगण नाही. नुसतं लाकूड, नुसतं लोखंड. त्या संध्याकाळी टिटवीनं ते गाठाळ खोड नऊ घावांत दोन केलं आणि पहिल्यांदाच बोलायची थांबली.

बुधवारी सकाळी बस सुटायच्या जागी चौदा जण पाठीवर ओझी घेऊन उभे होते. कुणाची आई, कुणाचा भाऊ सोडायला आलेला. जंगलमास्तर दाढीवाले, आवाज मोठा, पण डोळे झोपाळू.

"कुऱ्हाडी काढा बाहेर. एका ओळीत ठेवा. धार बघतो."

ताडपत्रीवर चौदा कुऱ्हाडी मांडल्या गेल्या. लांबीवालीनं बघितलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. नऊ नारिंगी. अस्वल, वाघ, सूर्य, वाघ, अस्वल. सकाळच्या उन्हात कशा लखलखत होत्या! मास्तर एकेकीवर अंगठा फिरवत पुढे सरकत होते. धार ताजी घासलेली, कुठलीही चांगलीच लागणार. दांड्याला त्यांनी हात लावला नाही. आरशाला कोण हात लावतो?

आपल्या मुलीची चांगली आहे, तिनं मनाला सांगितलं. दहा मिनिटांत बस सुटेल.

मग तिला टिटवी दिसली. एका उंच तरुणाच्या अगदी पुढ्यात उभी राहून हातवारे करत बोलणारी. कुणी लाकूड तोडत असला तरी ही अशीच उभी राहणार. नऊ नारिंगी कुऱ्हाडी चालतील आणि ही मधे, बोलत.

"आई, तुझं तोंड असं का झालंय?"

"त्या कुऱ्हाडी."

टिटवीनं ताडपत्रीकडे बघितलं आणि तिला कळलं. तिनं आईचा दंड धरला. "आई, नको. इथं नको ना. सगळे बघतायत. मी सांगेन मास्तरांना नंतर."

"नंतर कधी?"

टिटवीनं हात सोडला नाही. लांबीवालीनं तो सोडवला, तरुणाकडे गेली, म्हणाली, "बाळा, तुझी कुठली?"

"ती अस्वलवाली, काकू."

तिनं ती उचलली. अंगठा खाली उतरत गेला आणि अडला. दोन पावलांवर दगडी पायरी होती. तिनं पातं बाहेर राहील असा दांडा पायरीच्या कडेवर आपटला, फार जोरानं नव्हे, चादर झटकावी तसा. कटकन आवाज झाला. पातं उडालं, फरशीवरून खणखणत घसरत गेलं आणि टिटवीच्या बुटापासून हातभर अंतरावर थांबलं.

लांबीवालीनं हातात उरलेला दांडा उलटा करून बघितला.

"अहो काकू!" तरुण ओरडला. "काल घेतलीय मी ती!"

मास्तर धावत आले. "बाई, काय चाललंय हे? कोण तुम्ही?"

तिनं मोडलेलं टोक त्यांच्यासमोर धरलं. आत पिवळा गोळा होता, पू साकळावा तसा.

"बरोबर इथंच मोडेल हे कसं कळलं तुम्हाला?" मास्तरांची झोप उडाली होती.

"मीच भरलंय ते. कामच ते माझं. बाकीच्या आठ अशाच असतील, नाहीतर पाती मऊ असतील. मला बघू द्या."

मागून कुणाची तरी आई म्हणाली, "शी!"

हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं आपली पिशवी उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतली, लांबीवालीच्या बाजूनं काढून. लांबीवालीला त्याचा राग आला नाही. अकरा वर्षं ती नखं घासत हेच म्हणत होती, आज कुणीतरी मोठ्यानं म्हणालं.

ती ताडपत्रीवर बसली. मास्तरांनी चाकू आणि कानस दिली. तिनं रोगण खरवडायला सुरुवात केली. नारिंगी सालं उडून तिच्या मांडीवर पडू लागली. "ही नाही. ही नाही. हिला मी ताप असताना भरलंय, लगदा जाड बसलाय. ही नाही." ज्यांच्या दांड्याला तिनं होकार दिला त्यांच्या धारेवर टिटवीनं कानस ओढून बघितली. भट्टीवाल्याची युक्ती आईनं तिला सांगितली होती. बोलत काहीच नव्हती, फक्त "रुतली" किंवा "घसरली". ओठ घट्ट मिटलेले, मान खाली, कान लाल.

नवातल्या दोन उरल्या. बिनरंगाच्या पाचही चालण्यासारख्या निघाल्या, टिटवीची धरून. मास्तरांनी दाढी खाजवली.

"चौदा जणांत सात. आळीपाळीनं वापरायच्या. तोडणाऱ्याच्या आसपास दहा पावलं कुणी फिरकायचं नाही. कळलं?"

"माझीपण सगळ्यांना द्यायची?" टिटवी म्हणाली.

"तुझीच आधी."

बसच्या दारात ती आईजवळ थांबली. "आता सहा दिवस सगळे मला लांबीवालीची म्हणणार."

"म्हणू देत."

"नोकरी तर गेलीच माझी. तुझीपण जाईल."

"दहा पावलं लांब उभी राहा," आई म्हणाली.

"ऐकलं गं." टिटवी एक पायरी चढली, परत उतरली, आईचा हात धरला, वासासकट, आणि सोडला. बस गेली.

ताडपत्री मास्तरांनी नेली होती. फरशीवर सात कुऱ्हाडी तशाच पडल्या होत्या, सहा धड आणि एक मोडकी. त्यांना हात लावायची तिला इच्छा नव्हती. पण तिथं ठेवल्या तर कुणीतरी उचलणार, घरी नेणार, लाकूड तोडायला बसणार. तिनं ओढणीत त्या गुंडाळल्या, गाठ मारली आणि गाठोडं कमरेवर घेतलं. कामावर जायची वेळ झालीच होती. मालक या वेळी टेबलाशी असत. वाटेत चालताना दांडे एकमेकांवर आपटत होते, आणि नारिंगी सालं गाठोड्यातून तिच्या मागे रस्त्यावर सांडत होती.